सुरू झाली काय वं?

रात्री साडेदहाला मी तिला खुंटीला बांधते.
म्हणजे खांब क्रमांक सातवरच्या डब्यातली पिन खोचते,
टक्क होतं,
हिरवा दिवा उघडझाप करू लागतो.
डब्यालगत वेगळा मीटर, उरकुडेसाहेबांच्या आग्रहाचा.
त्यासाठी सोसायटीच्या तीन सभा झाल्या,
तिसरीत तर चहासुद्धा नव्हता.

मधेच लाईन जाते. मे महिन्यात जातेच.
पंखा थांबला की जाग येते
आणि पहिला विचार घामाचा नसतो,
खाली ती किती टक्क्यांवर अडकली असेल, हा असतो.
पूर्वी अशी मुलांच्या तापासाठी उठायची.

सकाळी एकसष्ट.
एकसष्ट म्हणजे हिंगण्याची फॅक्टरी, जाऊन येऊन,
संध्याकाळी बाबांना धंतोलीत, कानाच्या डॉक्टरकडे,
मग उरलं तर कॉटन मार्केट.
भेंडी चिरतानाही हे गणित चालूच:
एसी लावला तर वजा सहा,
वर्धा रोडच्या पुलावरून उतरताना पाय उचलून धरला
तर अर्धा परत.
उतारही काही परत देतो
हे मला पन्नाशीत कळलं.

सिग्नलवर ऑटोवाला वाकून विचारतो, किती देते?
कंपनी म्हणते तीनशे बारा.
सेहेचाळीस डिग्रीतला डांबरी रस्ता म्हणतो दोनशे.
मी मधलंच काहीतरी सांगते
आणि तो लग्नाच्या बोलणीत मान हलवावी
तशी हलवतो.

चौकातल्या पंपावरचा मोरेश्वर
अकरा वर्षं म्हणत आला, झिरो बघा मॅडम.
मी कधी बघितला नाही. विश्वास होता,
किंवा घाई.
परवा हवा भरायला गेले तर म्हणाला,
दिसत नाही आजकाल, बदली झाली का?
मी मान हलवली,
हो की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं.
निघताना गाडीचा आवाज आला नाही
याचीच लाज वाटली.

बाबा बत्तीस वर्षं कोराडीला, टर्बाइनच्या मजल्यावर.
कान तिथंच ठेवून आले.
राख मात्र रोज घरी आणायचे,
भुवयांत, डब्याच्या झाकणाच्या खाचेत.
दोरीवरचे कपडे आई दोनदा झटकायची,
तरी माझ्या शाळेच्या रिबिनी कधी पांढऱ्या नव्हत्याच.
तेव्हा रात्री खांब क्रमांक सातमधून जे येतं
ते कुठून येतं, हे मला कोणी सांगायला नको.
गाडीसोबत मिळालेल्या पत्रकावर हिरवं पान आहे.
ते मी बाबांना दाखवलं नाही.

ते शेजारी बसतात, पट्टा लावतात,
तळहात डॅशबोर्डवर ठेवतात.
मशीनची तब्येत ते हातानंच बघत आले.
थांबतात.
"सुरू झाली काय वं?"
झाली न बाबा.
ऐकू जात नाही, म्हणून अंगठा दाखवते.
त्यांना पटत नाही.
गाडी गेटच्या बाहेर पडते, गुलमोहर मागे सरकतो,
धंतोली येते,
तरी हात तिथंच.
मेलेल्या माणसाची नाडी बघत राहावं तसा.

डॉक्टर म्हणाले, यंत्र लावून बघू.
बाबा म्हणाले, आता काय ऐकाचं राह्यलं?

त्या रात्री मी पिन खोचली तेव्हा ते मागे उभे होते,
लिफ्टनं कधी उतरले कळलं नाही, बनियनवर.
पुढे आले. बॉनेटवर तळहात टेकवला.
आत कुठंतरी पंप फिरत होता,
बारीक, एकसुरी,
मला तर वाकूनही धड ऐकू येत नव्हता.
बाबांनी डोळे मिटले.
"हां," म्हणाले. "आता चालू हाये."
पायाशी झोपलेल्या भुरीनं कान हलवून पुन्हा पाडले.

बराच वेळ उभे राहिले तसेच.
मग हात उचलला, दिव्याखाली धरून
उलटसुलट करून पाहिला, जुन्या सवयीनं.
थोडं काहीतरी लागलं होतं, करडं.
पार्किंगमधली धूळ असेल.