पंच्याऐंशी ते पंच्याण्णव

चौऱ्याऐंशीला काही नाही.
पंच्याऐंशीला स्टेअरिंगला कापरं भरतं,
अंगठ्यांतून चढून कोपरात जातं.
पंच्याण्णव ओलांडलं की गप्प,
माझीच काही चूक झाल्यासारखं.

अकरा महिन्यांची गाडी. नऊ हजार चारशे किलोमीटर.
मागच्या सीटचं प्लास्टिक अजून तसंच,
नाना काढू देत नाहीत.

जळगावच्या वर्कशॉपमधला सल्लागार
सोबत बसून पाळधीपर्यंत आला.
एसी चारवर, गाणी चालू, एका बोटानं स्टेअरिंग.
"मॅडम, रोडच तसा आहे."
रोड काय वेग बघून खराब होतो का रे, म्हटलं.
मग व्हील बॅलन्सिंग. मग अलाइनमेंट.
मग पुढची चाकं मागे, मागची पुढे,
तेव्हा कापरं हातातून उठलं
आणि माझ्या सीटखाली जाऊन बसलं.
मी म्हटलं, बघ, चाकाबरोबर गेलं.
तो म्हणाला, या मॉडेलचं कॅरेक्टरच आहे ते.
कार्डावर छापून आलं :
तक्रार आढळली नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
मी वजनमापे खात्यात, बावीस वर्षं.
केळीच्या वजनकाट्यांखाली ओणवी होऊन खडे काढलेत,
तागडीखाली चिकटवलेलं मेण नखानं खरवडलंय.
लोक म्हणतात, काटा खोटं बोलत नाही.
बोलतो. न चिडता, रोज तेवढंच.
आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
ढीगभर काट्यांसमोर, ऊन डोक्यावर,
मीही लिहिलंय घाईघाईत :
दोष आढळला नाही.

सावद्याला पंक्चर झाली ती मागच्या डाव्या चाकात.
कडुनिंबाखाली रुबाब तडवीचं दुकान,
बॅलन्सिंगच्या मशीनवर गोणपाट पांघरलेलं.
खिळा त्यानं दोन मिनिटांत काढला.
चाक परत चढवणार, तर थांबला.
रिमच्या आत हात घालून
बैलाच्या दातांवरून फिरवावीत तशी बोटं फिरवली.
"ताई, कोण्या वावरात गेल्ते?"

विवऱ्याला. ऑगस्टात. एका व्यापाऱ्याचा काटा बघायला.
काळी माती तिथून बसून आली होती सोबत,
रिमच्या आतल्या वळणात, वाळून दगड झालेली,
अर्धी उखडून कुठेतरी गळालेली.
आणि तिच्या बरोबर समोर
पाच-पाच ग्रॅमची नऊ वजनं, नवी, चकचकीत.
"त्यानं मातीसकट तोललं," रुबाब म्हणाला.
"माती गेली. वजन राह्यलं."

डिकीत खात्याचा तपासणी काटा होता.
उरलेली माती पावतीवर झाडून घेतली. सव्वीस ग्रॅम.
पंचेचाळीसातून सव्वीस गेले, एकोणीस.
एकोणीस ग्रॅमचा पासंग!
एवढ्याशासाठी मी तीन महिने
झोपेतसुद्धा मुठी आवळत होते.

त्यानं रिम धुतलं, वजनं उपटली, चाक फिरवलं,
आकडा शून्यावर येईपर्यंत विडी पेटवली नाही.
साठ रुपये घेतले.
"आता शिक्का मारा," म्हणाला, आणि हसला
तेव्हा मला हसू यायला जरा वेळ लागला.

फैजपूर मागे टाकून नव्वद.
हात थिजल्यासारखे स्थिर.
नाना मागच्या प्लास्टिकवर कुशीला वळले, तेवढाच आवाज.
मग त्या शांततेत,
डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून, आतून,
टक्.
वाटलं, भास असेल.
बोट गाण्यांच्या बटनापर्यंत गेलं होतं.
मागे घेतलं.
किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवला,
आणि पुढच्याची वाट बघत राहिले.