घरघर

शिरीन मुकादम म्हणते, ड्रम धुऊन काढलेत.
डेटॉलने. वर इस्त्री.
सावियो म्हणतो, त्याला मिक्सिंग म्हणतात, बाई.
पहिल्या अल्बमात बास होता का, सांग.
बास म्हणजे शेजाऱ्याने भिंतीवर मारलेला गुद्दा.
तो गुद्दाच हवा होता मला, शिरीन म्हणते.

रुवीत रात्रीचे अकरा. छत्तीस अंश.
हमरियाच्या उतारावर जिथिनची गाडी,
चारी दारं उघडी, इंजिन बंद,
कारण एसीच्या पंख्यात म्हणे झांजा बुडतात.
डॅशबोर्डवर करक चहा, पराठ्यात चुरलेले चिप्स
आणि ‘लेबर कार्ड’चा नवा अल्बम,
तिसऱ्यांदा, पहिल्यापासून.

मी मागे, खिडकीशी. पंक-बिंक मला फार कळत नाही.
मी एसीवाला.
पण नोकरीच कानाची आहे:
जिन्यात उभा राहून सांगतो
कुठल्या मजल्याचं बेअरिंग जाणार.

प्रोड्युसर दुबईचा, जिथिन सांगतो, तासावर पैसे घेतो,
प्रत्येक ठोका उचलून रेघेवर बसवलाय.
गाणारा चुकायचा तिथेही चुकत नाही आता.
शिरीन म्हणते, तेच तर.
दुर्रा इतका वेळ गप्प होती. ड्रमवाल्याची मामेबहीण.
म्हणते, त्यांनी स्टोअररूममध्येच कुजावं
असं वाटतं ना तुम्हाला?
तुम्ही स्वतः हेडफोन घेता साठ रियालचे.

मग कुणी काही बोललं नाही. चौथं गाणं आपलं वाजत राहिलं.

पण पहिल्या अल्बमात, शिरीन हळूच म्हणते,
दोन गाण्यांच्या मध्ये ते चार सेकंद होते.
काहीतरी घरघरायचं तिथे.
मला वाटायचं, हे शहरच श्वास घेतंय.
सावियो म्हणतो, वायरिंगचा दोष.
जिथिन म्हणतो, मुद्दाम टाकलेला इफेक्ट.
दुर्रा म्हणते, समुद्र.

कॅरियरचा जुना युनिट, गच्चीवर, डावीकडून तिसरा.
रबराची चारही बुचं सडलेली,
त्यामुळे अख्खा स्लॅब गुणगुणायचा
पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी.
खाली स्टोअररूममध्ये ही पोरं.
त्यांच्या गिटारी त्याच सुराला लावलेल्या;
मी फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखलं,
जसा आपल्या माणसाचा खोकला ओळखावा.

केळुसला आमच्या भजनाच्या पेटीची एक पट्टी अडकलेली होती.
बुवा तिलाच धरून गायचे.
नवी पेटी आली त्या वर्षी
सप्ताहाला रंग चढला नाही, असं सगळे म्हणाले.
कुणीच सिद्ध करू शकलं नाही.

मार्चमध्ये तक्रार आली, चौथ्या मजल्यावर झोप लागत नाही.
चार बुचं, दोन रियाल, पाऊण तास.
उतरताना स्टोअररूमचं दार किलकिलं झालं.
गळ्यात गिटार, अंगात बनियन, मिशी नुकती फुटलेली.
अंकल, बंद केलंत?
बंद नाही रे, शांत केलं.
तो वर छताकडे बघत राहिला.
मग आता सूर कशाला लावू, म्हणाला,
हसला, आणि मीही हसलो,
मला वाटलं, गंमत करतोय.
एप्रिलमध्ये ते दुबईला गेले.

केळुसकर, तू सांग, सावियो म्हणतो, तुला काय वाटतं?
सगळे मागे वळलेले. शिरीनच्या ओठांवर घाम.
मी म्हणतो, झांजा छान आहेत.

गरम असह्य झालं तशी जिथिनने किल्ली फिरवली.
दारं लागली, पंखा सुरू झाला,
आणि पाचव्या गाण्याखाली, अगदी तळाशी,
काहीतरी घरघरू लागलं.
थांब, शिरीन म्हणाली. बोलू नका कुणी.
आवाज वाढव.

पट्टा सैल झालाय गाडीचा.
महिन्याभरात तुटेल, कदाचित वादी कबीरच्या चढावर.
सांगेन त्याला.
हा अल्बम संपू दे.