म्हातारा मेला तेव्हा

तिसरी घंटा लंडनला होते
आणि इथे, नेविनमध्ये, लोक खोकून घेतात.

अडीचशे मैल. मध्ये डोंगर, मेंढ्या, दोन मोटरवे,
आणि वर कुठेतरी एक उपग्रह,
ज्याला नाटकातलं काही कळत नाही.
मी प्रोजेक्टरच्या खोलीत. खाली सत्तेचाळीस डोकी,
बहुतेक पांढरी.

इद्वाल, चाळीस वर्षं खेकड्यांचे पिंजरे ओढलेला,
"थेट म्हणजे थेट ना?" दर वेळी विचारतो.
हो म्हटलं की टोपी काढून मांडीवर ठेवतो.
सिनेमाला काढत नाही.

एलिनेड नवऱ्याच्या कानाशी वेल्शमध्ये सांगत राहते
कोण कुणाची मुलगी, कोण खोटं बोलतंय.
हा दुसरा प्रयोग, दबक्या आवाजातला,
कधी कधी पहिल्याच्या पुढे धावतो.

मध्यंतरात पडद्यावर तिथलं प्रेक्षागृह:
लाल खुर्च्या, एक बाई पर्समध्ये चष्मा शोधतेय.
आम्ही आइस्क्रीमचे कप घेऊन तिच्याकडे बघत बसतो.
सापडला, तेव्हा मायर्वेन म्हणाली, "हं."
त्या बाईला हे कधीच कळणार नाही.

मग तिसरा अंक. म्हातारा नावाडी खाटेवर,
थोरली उशाशी, धाकटी दारात,
पंचवीस वर्षांनी आलेली, अंगावर ओला कोट.
कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ गेला, इतका जवळ
की हनुवटीवर चिकटवलेली दाढी
घामानं सुटत आलेली दिसली.
लंडनच्या महागड्या खुर्चीवरूनही दिसली नसेल.
त्यानं तोंड उघडलं

आणि समुद्रावरून वारा आला.
छपरावरची डिश हलली असावी.
तोंड उघडंच राहिलं,
मग त्याचे चौकोनी तुकडे झाले,
मग निळं. मग काहीच नाही.

मी वायरी दाबल्या, काढल्या, लावल्या.
शिव्या दिल्या, दोन्ही भाषांत.
खाली कुणी उठलं नाही.
शेजाऱ्याकडे शेवटच्या रात्री बसतात
तशी सत्तेचाळीस माणसं काळोखात बसून होती.

चित्र आलं तेव्हा धाकटी चादरीची घडी घालत होती.
खाट रिकामी.
लंडनला कुणीतरी नाक शिंकरलं,
ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

पडदा पडला. तिथे लोक उभे राहिले.
इथे दर वेळचाच प्रश्न:
टाळ्या वाजवायच्या तर कुणासाठी? कापडासाठी?
दोघातिघांनी वाजवल्या, मग ओशाळून हात खिशात घातले.
म्हातारा वाकून वाकून अभिवादन करत होता,
दाढी आता पक्की.

पैसे परत मागतील म्हणून मी दारात उभा.
कुणी मागितले नाहीत.
एलिनेडच्या नवऱ्यानं तिला विचारलं, मोठ्यानं,
बहिऱ्यांना वाटतं तेवढ्या हळू,
"काय म्हणाला तो शेवटी?"
ती थबकली. माझ्याकडे पाहिलं.
मग त्याचा मफलर बाजूला करून
कानाशी वाकली.

इद्वालनं टोपी घातली.
"थेट होतं," म्हणाला,
तक्रार की शाबासकी, समजलं नाही.

सगळे गेल्यावर शिडी लावून मी छपरावर चढलो.
पुढच्या गुरुवारी ऑपेरा आहे, डिश सरळ हवी.
वरून दिसलं, गाडीतळावर एकच गाडी,
आतला दिवा लावलेला.
तो मान हलवत होता.
ती अजून सांगत होती.