अर्धी किंमत

ग्दान्स्कच्या इरेनेउशनं जुना अटारी घेतला.
चार हजार झ्लॉटी, टपाल वेगळं.
हालिनाला सांगितले दोन.

एक कळ नव्हती. तीही मागवली,
एका कळीचे नव्वद.
"माझ्या फोनात असले लाखभर मावतील," जावई म्हणाला.
मावतील की.

सोबत कॅसेट आली होती,
रेडिओवर प्रोग्रॅम लागायचे तेव्हाची.
वीस मिनिटं नुसती किरकिर,
मग मध्येच कुणा अनोळखी पोराचा दबका आवाज:
"आई, बोलू नको ना, उतरवून घेतोय."

पडद्यावर एरर १४३.

इरेनेउशनं दार लोटलं,
टेप मागे फिरवली.
पुन्हा एरर. पुन्हा मागे.

बाहेर हालिनाला त्याच्या कोटात पावती सापडली.
तिनं आकडा वाचला.
आतून चौथ्यांदा "आई" ऐकू आलं,
तशी जुन्या घडीवरच घडी घातली.