चौथं कडवं

लॉन्ड्रीत आम्ही सात जणी, आठवी लुव्हिनिया.
व्हिक्सबर्गच्या त्या हॉटेलच्या चादरी
रोज सकाळी तळघरात ओतल्या जायच्या.
ती बोट थुंकीनं ओलं करून इस्त्रीला लावायची,
चर्र झालं की म्हणायची, "लागला सूर."
आम्ही हसायचो. आम्हाला काय ठाऊक!

तिनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं, खळ शिजेस्तोवर.
झोपडीच्या भिंतीत दोन खिळे, मधे झाडूची तार ताणलेली,
तारेखाली औषधाची रिकामी बाटली,
आणि तारेवरून सरकवायला बापाचा वस्तरा, उलट्या बाजूनं.
बाप चर्चमधला डीकन.
वस्तरा इतका लवकर बोथट का होतो
ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही.
अख्खी भिंत वाजायची म्हणे,
घराचंच गिटार,
आणि त्याच्या पोटात सहा भावंडं झोपलेली.

पंधराव्या वर्षी टॉनिकवाल्याच्या गाडीवर चढली.
ती गाऊन गर्दी धरायची, तो बाटल्या खपवायचा.
"कुणी बरं झालं का गं त्या औषधानं?" एस्टोरियानं विचारलं.
"छे."
"मग गाण्यानं?"
"तेही नाही. पण गाणं परत करायला कुणी आलं नाही."

मग एकदा उत्तरेला, आगगाडीच्या काळ्यांच्या डब्यातून,
खुर्च्या-टेबलांच्या कारखान्याच्या माडीवर.
भिंतींना घोंगड्या. फिरणारी मेणाची तबकडी.
पाय आपटते म्हणून पायाखाली उशी दिली त्यांनी.
"उशीवर ताल धरून बघ कधी," ती मला म्हणाली,
"पाय आपला वाटत नाही."

*माझ्या दारची वाट, बाई, गवतानं गिळली,*
*हो ना, माझ्या दारची वाट, बाई, गवतानं गिळली,*
*एकट्याच्या जाण्यानं, बाई, वाट कधी का मळली?*

कडवी चार होती.
तिसरं संपताना लाल दिवा लागला.
तीन मिनिटांची तबकडी, तिच्यात मावेल तेवढंच दुःख.
पंधरा डॉलर, त्यातून गाडीभाडं वजा.
कागदावर तिनं फुली मारली.
लिहिता येत होतं की तिला! बायबल पाठ होतं.
तरी फुली.
छापणाऱ्यानं मग ऐकू आलं तसं नाव घातलं: लेव्हिना.

एक ओळ दोनदा का म्हणायची, हे मला चादरीनं शिकवलं.
दोघी समोरासमोर, हातात दोन-दोन कोपरे.
एक घडी.
पुन्हा तीच घडी.
मग चालत एकमेकींकडे यायचं, बोटांना बोटं लागेपर्यंत.
लुव्हिनियासोबत घड्या घालताना
मधेच कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

बासष्ट साली एक गोरा पोरगा आला,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला,
काखेत पेटीतला ग्रामोफोन,
तबकडी लहान मुलाच्या दुपट्यात गुंडाळलेली.
"लेव्हिना नावाची बाई इथं..."
सहा इस्त्र्या एकदम खाली टेकल्या.
"मेली ती," लुव्हिनिया म्हणाली. "पुरात."
"कुठल्या पुरात?"
"तुझ्या जन्माआधीच्या."

बिचाऱ्याचा चेहरा पडला. तरी त्यानं तबकडी लावली,
निदान आम्ही ऐकावी म्हणून.
आधी खरखर, कढईत पाणी पडल्यासारखी,
आणि त्यातून एक पोर गात आली, एकवीस-बावीसची,
माझ्या समोर उभ्या बाईच्या गळ्यानं.

पहिलं कडवं झालं. दुसरं. तिसरं.
सुई नुसतीच फिरत राहिली.
पोरगा खाली वाकून दुपटं उलगडत होता,
त्यानं वर पाहिलं नाही.

लुव्हिनियाचे ओठ हलले की नाही, मी सांगणार नाही.
आमच्या हातात एक ओली चादर होती, डबल बेडची.
तिच्या बाजूनं एक ओढ आली.
मग पुन्हा तीच ओढ.
मग ती चालू लागली माझ्याकडे.