भगभग

सोहार बंदरामागच्या दवाखान्यात
डॉक्टर इद्रीस विचारतात, दुखतं म्हणजे कसं?
मी स्टोअरकीपर, आजच्यापुरता दुभाषा,
लतीफ परकारकडे बघतो.
तो एसीकडे.

जांघ हा शब्द त्याला परक्यापुढे काढवत नाही.
गाडीत मला म्हणाला होता, तिथं. वर. मांडीच्या मुळाशी.
मग बराच वेळ नुसता रस्ता,
धुळीनं पांढऱ्या पडलेल्या खजुरी.

ठणका नाही, ठणका दाढेचा.
कळ नाही, कळ येते नि जाते.
चमक नाही, उसण नाही.
रग तर रोजचीच, तिची तक्रार कोण करतं.
शेवटी म्हणाला, भगभग.
मिरच्या कांडलेला हात
न धुता मांडीला लागावा, तशी.
मी अरबीत म्हणतो, हरकान.
डॉक्टर लिहून घेतात.
तेवढ्याशा शब्दात मिरच्या कुठल्या मावायला.

खोक, म्हणतात. तो खोकतो.
त्यांच्या बोटांखाली काही उसळत नाही.
लघवीला जळजळ? रक्त?
(गेल्या उन्हाळ्यात कॅम्पातल्या चौघांना मुतखडा.)
गुडघा दुमडून पाय आत-बाहेर फिरवतात,
खुबा कुरकुरत नाही.
मणक्यावर टकटक.
कातडी दिव्याखाली निरखतात,
नागीण उठण्याआधी काही दिवस अशीच जळते म्हणे.
बोटाला सुई. साखर ठीक.

लतीफ माझ्या कानात,
रमजानात तीन रोजे सोडले मी,
परांचीवर चक्कर येत होती.
त्याचं तर नसेल?
हे मी डॉक्टरांना सांगत नाही.

डोळे मीट. कापसाचा बोळा.
लागतंय? लागतंय. इथं?
इथं?
जिथं काही लागत नाही तिथं पेनाचा ठिपका.
ठिपके जोडले तेव्हा
डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला
मसिरासारखं एक लांबोडकं बेट.

मग डॉक्टर विचारतात,
कमरेला काय बांधतो हा?

ते मला विचारायला हवं.
बत्तीस नंबर. छत्तीस संपले होते.
पाने, हातोडा, लेव्हल, सगळं मिळून सात किलो.
खेच, बसतो, म्हणालो होतो मी.

कमरेच्या हाडाजवळून एक मज्जातंतू उतरतो,
सुतळीएवढाही नाही. त्यावर पट्टा.
पाय तो हलवत नाही,
फक्त मांडीचे निरोप आणतो.
निरोप्याचाच गळा दाबला
तर तो वाटेल ते ओरडणार.
बहुधा, म्हणतात डॉक्टर. दोनदा म्हणतात.
पट्टा सोडा, वजन खांद्यावर घ्या.
फोड आले, जांघेत फुगवटा आला,
पायातलं बळ गेलं, ताप चढला,
तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका.

म्हणजे पट्टा, लतीफ हसला.
मग चप्पल शोधता शोधता,
माझ्याकडे न बघता,
तूच म्हणालास ना, बसतो?

रात्री स्टोअर उघडून रजिस्टर काढलं.
बत्तीस नंबरपुढे अकरा नावं,
प्रत्येकापुढे माझी सही, झोकात.
त्यातले सहा श्रीकाकुळमचे.
भगभगीला तेलुगूत काय म्हणतात
मला ठाऊक नाही.