सुटी की भाजलेली

नझीम म्हणतो, सुटीच ठेवू.
व्हिडिओ वेगळा, अक्षरं वेगळी, एमकेव्हीच्या एका डब्यात दोन्ही.
ज्याला नको त्याने बंद करावीत,
आणि एक काना चुकला म्हणून
अख्खा एपिसोड पुन्हा शिजवायला नको.

बरोबर आहे. पण हर्षलाच्या फोनवर
सुटी अक्षरं उघडली की त्यांचे पाय मोडतात.
‘स्वप्न’ लंगडत येतं चार तुकड्यांत,
पहिली वेलांटी उडी मारून
भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते,
आणि समुद्राकडे बघत कुणी हळूच म्हणतं ‘निर्धास्त’,
तेव्हा मधला र तसाच उभा,
रफार व्हायचं राहून गेलेला.

मग भाजून टाका, मी म्हटलं.
चित्रातच भाजली की हलायची नाहीत,
देवळाच्या पायरीवरच्या देणगीदारांच्या नावांसारखी.
आणि नाव चुकलं असेल, तर शंभर वर्षं चुकलेलं.

हर्षला किणी गप्प. तिचं भांडण क्रियापदाशी.
फेरीबोट हाकणारं ते पात्र
मुलगा की मुलगी, हे नवव्या भागापर्यंत कळू द्यायचं नाही.
जपानीत ते सहज लपतं.
आपल्याकडे ‘मी जातो’ म्हटलं की मिशी फुटली,
‘मी जाते’ म्हटलं की वेणी आली.
पाच भाग तिने काढले
‘निघायला हवं’, ‘भूक लागलीय’, ‘मला नाही माहीत’ यांवर,
वाक्याच्या आडून आडून,
खोली भाड्याने मागताना माणूस आडनाव टाळतो तसं.
असं ती म्हणाली. नझीम परकार हसला नाही.

रंग पिवळा नको, पांढरा. काळी कड दोन पिक्सेल;
तीन केली की शिरोरेषा सुजते, मात्रा गिळते.
गाण्यावर नाचणारी अक्षरं नकोत,
ती हौस पहिल्या वर्षीच फिटली.

रविवारी रे रोडला नझीमच्या घरी
टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.
त्या टीव्हीला एमकेव्ही कळत नाही, त्याला एमपीफोरच लागतो,
वर चारही कडा तो कातरून दाखवतो.
खालचे उकार गेले.
‘तू’चा ‘त’ झाला, ‘पूल’चा ‘पल’.
ओळ चाळीस पिक्सेल वर उचलली.

तेवढ्यात अब्बा आले दारूखान्यातून.
अख्खी जहाजं कापून वजनावर मोजणारा माणूस,
शर्टाला गॅसकटरचा वास.
चहा हातात घेऊन उभ्यानेच वाचायला लागले,
मोठ्याने, दापोलीच्या शाळेत वाचायचे तसे.
त्यांची ओळ पुरी व्हायच्या आत पडद्यावरची ओळ पसार.
मी गुपचूप टिपून घेतलं:
प्रत्येक ओळीला अर्धा सेकंद जास्त.

मग ते पात्र आलं. आता विचारतील,
आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता वाट पाहत होतो.
अब्बांनी बोट पाहिली, सुकाणूवरचे हात पाहिले.
म्हणाले, “पोर कधीचं उपाशी आहे.
कुणी विचारत का नाही त्याला?”

पोर. कधीचं. त्याला.
तिसरीच्या व्याकरणापासून खिशात पडून राहिलेलं
आमचंच नपुंसकलिंग,
मूल, लेकरू, पाखरू यांच्या रांगेत.
हर्षलाने विजेचं बिल उलटं केलं आणि त्यावर लिहिलं,
सहाव्या भागातली ती ओळ, म्हातारा नावाडी धक्क्यावर बोलतो ती,
तीन आठवडे रिकामी ठेवलेली.

रात्री दोन्ही काढायचं ठरलं.
बाकीच्यांसाठी सुटी, फॉन्ट सोबत बांधून;
पाय मोडले तर ज्याचा त्याचा प्लेअर जाणे.
अब्बांसाठी भाजलेली, जाड, सावकाश.
नझीमचा पंखा घरघरायला लागला.
आतल्या खोलीत अब्बांनी झोपेत कूस बदलली,
पडद्यावर सतरा टक्के.
अठरा.